गोळाफेक अधिक लांब उडी बरोबर किती?

कोकणातल्या तालुका पातळीवरच्या क्रीडा स्पर्धांत शेवटच्या दिवशी एक वाद ठरलेला असतो. वैयक्तिक अजिंक्यपद कोणाचं? पद्धत सगळ्यांना पाठ असते: पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. बेरीज करायची, ढाल द्यायची आणि वडापाव खाऊन एसटी पकडायची. पण मांडवाच्या मागे कोणीतरी पुटपुटतंच, "मेल्या, ह्यो हिशोब खंयचो?"

पुटपुटणाऱ्याचं बहुतेक वेळा बरोबर असतं. समजा, दोन तरुण आहेत, एक देवगडचा आणि एक गुहागरचा. प्रकार तीन: १०० मीटर धावणं, लांब उडी, गोळाफेक. देवगडचा धावतो ११.९० सेकंदांत, गुहागरचा १२ सेकंदांत. देवगडचा उडी मारतो ६.०५ मीटर, गुहागरचा ६ मीटर. गोळा मात्र देवगडचा ९ मीटर टाकतो आणि गुहागरचा तब्बल १२ मीटर. पाच-तीन-एक लावलं तर देवगडला १३ आणि गुहागरला ११. ढाल देवगडला. इथे एका दशांश सेकंदाने आणि वीतभरापेक्षा कमी अंतराने मिळालेल्या दोन विजयांनी तीन मीटरच्या एका विजयाला हरवलं. क्रमांक लावणारी पद्धत ‘कोण पुढे’ एवढंच विचारते, ‘किती पुढे’ हे तिच्या गावीही नसतं.

डेकॅथलॉन (दहा प्रकार), हेप्टाथलॉन (सात), पेंटॅथलॉन (पाच) या सगळ्या बहुप्रकारी स्पर्धांचा इतिहास या एका प्रश्नाचा इतिहास आहे, असं माझं मत आहे. सेकंद आणि मीटर यांची बेरीज करायची कशी? बाजारात डझनभर हापूस, एक बरका फणस आणि किलोभर ओले काजू यांची बेरीज आपण रोज करतो, कारण तिथे रुपया असतो. खेळात तो रुपया कोणीतरी बनवावा लागतो. त्यालाच गुणतक्ता म्हणतात. आणि दर कोणी ठरवला, कधी बदलला, यावर सुवर्णपदकं इकडची तिकडे झाली आहेत.

सुरुवात ग्रीसमधली. इसवी सनापूर्वी ७०८ साली, अठराव्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन पहिल्यांदा झाली आणि स्पार्टाच्या लॅम्पिसने ती जिंकली, अशी नोंद आहे. पाच प्रकार होते: एका स्टेडियमच्या लांबीची धाव, लांब उडी, थाळीफेक, भालाफेक आणि कुस्ती. गंमत म्हणजे उडी, थाळी आणि भाला यांची ऑलिंपियात स्वतंत्र स्पर्धाच नव्हती, हे तिन्ही फक्त पेंटॅथलॉनमध्येच असत. उडी मारताना दोन्ही हातांत दगडाची किंवा धातूची वजनं धरत, भाल्याला चामड्याची वादी गुंडाळून बोटात अडकवत. अशा खेळाडूंच्या शरीरात ताकद आणि वेग दोन्ही असतात म्हणून ते सर्वांत देखणे, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे.

त्यांचा विजेता ठरायचा कसा, यावर विद्वान अजून भांडतात. तीन प्रकार जिंकले की काम झालं आणि तसं कोणी जिंकलं नाही तर शेवटी कुस्तीत फैसला, असा एक तर्क आहे. काहीही असो, त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, त्यामुळे गुणतक्त्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. मांडवामागे पुटपुटणारे तिथेही असतीलच.

थेट १९१२ च्या स्टॉकहोमला येऊ, कारण तिथे आपला तालुक्याचा वाद जागतिक मैदानावर मांडला गेला. त्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही होत्या. पेंटॅथलॉनमध्ये लांब उडी, भाला, २०० मीटर, थाळी आणि १५०० मीटर असे पाच प्रकार होते आणि गुण होते क्रमांकाचे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असं करत ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. डेकॅथलॉनला मात्र तक्ता लावला होता. एकाच मैदानावर, एकाच ऑलिंपिकमध्ये दोन्ही पद्धती, आणि दोन्हींत जिंकणारा माणूस एकच: अमेरिकेचा जिम थॉर्प. पेंटॅथलॉनमध्ये त्याने चार प्रकार जिंकले, भाल्यात तिसरा आला, एकूण गुण सात. स्पर्धकांची गर्दी एवढी होती की ती डेकॅथलॉन दोनऐवजी तीन दिवस चालली.

थॉर्प मूळ अमेरिकन जमातींपैकी सॅक अँड फॉक्स जमातीचा होता. ऑलिंपिकच्या आधी तो किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता, हे पुढच्या वर्षी उघड झालं. हौशी खेळाडूंच्या नियमाचा भंग म्हणून त्याची दोन्ही पदकं काढून घेतली. तो १९५३ साली वारला. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला विजेतेपद परत दिलं, पण ‘संयुक्त’. एकटा विजेता म्हणून त्याचं नाव लागायला २०२२ चा जुलै उजाडला. ज्या माणसाला हरवायला मैदानावर कोणी मिळालं नाही, त्याला कागदावर जिंकायला एकशे दहा वर्षं लागली.

क्रमांकाची पद्धत हळूहळू मागे पडली आणि तक्ता राहिला. आता तो तक्ता कसा चालतो ते पाहू. कागद-पेन घ्यायची गरज नाही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरेल.

सध्याचा तक्ता १९८५ पासून लागू आहे. प्रत्येक प्रकाराला तीन आकडे नेमून दिलेले आहेत. पहिला आकडा म्हणजे उंबरठा, ज्याच्या अलीकडे शून्य गुण. १०० मीटरसाठी हा उंबरठा १८ सेकंद आहे. तुम्ही १८ सेकंदांपेक्षा किती कमी वेळ घेतलात ते मोजायचं. ११ सेकंदांत धावलात तर ७ उरले. या ७ चा १.८१ वा घात करायचा आणि येईल त्याला २५.४३४७ ने गुणायचं. उत्तर ८६१ आणि काही अपूर्णांक. अपूर्णांक टाकून द्यायचा, वर ढकलायचा नाही. उड्या आणि फेकींमध्ये हेच उलट: लांब उडीला २ मीटर २० सेंटिमीटरच्या पुढे जेवढं गेलात तेवढं मोजायचं, तेही सेंटिमीटरमध्ये.

घात कशाला, सरळ गुणाकार का नाही? कारण १२ सेकंदांवरून ११ वर येणं कठीण आहे, पण ११ वरून १० वर येणं त्याहून कितीतरी कठीण. तक्ता हे ओळखतो: १२ सेकंदांना ६५१ गुण, ११ ला ८६१, १० ला १०९६. पहिल्या सेकंदाची कमाई २१०, दुसऱ्याची २३५. जितकं वर जाल तितका दर चढा. धावण्यांत हा चढ जास्त, उड्यांत मध्यम. गोळाफेकीत घात फक्त १.०५ आहे, म्हणजे जवळजवळ सरळ रेषाच. मला यात थोडी खोट दिसते. चपळ, हलक्या अंगाच्या धावपटूला हा तक्ता जेवढा उदार आहे तेवढा धिप्पाड फेकपटूला नाही. अनेक जाणकार हेच म्हणतात, तरी चाळीस वर्षं तो बदललेला नाही.

आता आपल्या दोघांना तक्त्यावर बसवू. देवगड: ६७१, ५९७, ४२६, बेरीज १६९४. गुहागर: ६५१, ५८७, ६०६, बेरीज १८४४. गुहागरचा दीडशे गुणांनी पुढे. ढाल फिरली.

तक्ता बदलला की काय होतं, हे तैवानच्या यांग चुआन-क्वांगला विचारायला हवं होतं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये दहापैकी सात प्रकारांत तो अमेरिकेच्या रेफर जॉन्सनच्या पुढे होता, तरी सुवर्ण जॉन्सनला मिळालं, ५८ गुणांनी. यांगचे सात विजय थोडक्यातले, जॉन्सनचे तिन्ही फेकींमधले, आणि त्यातले गोळा आणि थाळीतले मोठे. म्हणजे आपली देवगड-गुहागरचीच कथा. दोघे एकाच विद्यापीठात, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करत आणि जिवलग मित्र होते. शेवटच्या १५०० मीटरमध्ये जॉन्सनला एवढंच करायचं होतं की यांगला फार पुढे निसटू द्यायचं नाही. तो त्याच्या पाठीला चिकटून धावला.

मग १९६३ मध्ये यांगने ९१२१ गुण करून विश्वविक्रम केला. तेव्हा फायबरग्लासची लवचीक काठी नवी आली होती आणि बांबूउडीत त्याने ४.८४ मीटर पार केले. तक्ता एवढ्या उंचीपर्यंत छापलेलाच नव्हता! लवकरच नवा तक्ता आला, तोच विक्रम ८०८९ वर घसरला आणि ज्या प्रकारांत यांगला भरभरून गुण मिळत तेच आखडले. १९६४ च्या टोकियोत तो पाचवा आला. दुखापतींचाही त्यात वाटा होता, पण दर बदलल्याचा फटका कोणी नाकारत नाही.

उलटा अनुभव ब्रिटनच्या डेली थॉम्पसनचा. १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये त्याचं सुवर्ण निश्चित होतं, फक्त विश्वविक्रमाची बरोबरी एका गुणाने हुकली. पुढे अडथळ्यांच्या शर्यतीचं छायाचित्र पुन्हा तपासलं, वेळ एक शतांश सेकंदाने कमी निघाली आणि तो एक गुण मिळाला. नंतर नवा तक्ता लावल्यावर विक्रम एकट्या त्याच्या नावावर झाला. घरी बसल्या बसल्या.

नियमांकडे वळू. डेकॅथलॉन पुरुषांची, दोन दिवसांची, आणि क्रम बदलता येत नाही. पहिल्या दिवशी १०० मीटर, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी, ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी ११० मीटर अडथळे, थाळी, बांबूउडी, भाला आणि शेवटी १५०० मीटर. महिलांची हेप्टाथलॉन सात प्रकारांची: पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळे, उंच उडी, गोळा, २०० मीटर आणि दुसऱ्या दिवशी लांब उडी, भाला, ८०० मीटर. महिलांना ऑलिंपिकमध्ये १९६४ ते १९८० पाच प्रकारांची पेंटॅथलॉन होती, हेप्टाथलॉन आली १९८४ ला. त्या पहिल्याच हेप्टाथलॉनमध्ये ऑस्ट्रेलियाची ग्लिनिस नन ६३९० गुणांनी जिंकली आणि अमेरिकेची जॅकी जॉयनर ६३८५ वर राहिली. पाच गुण म्हणजे ८०० मीटरमध्ये सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. चार वर्षांनी सोलमध्ये त्याच जॅकीने ७२९१ गुण केले आणि तो विश्वविक्रम अजून उभा आहे.

एरवीच्या स्पर्धेपेक्षा इथे काही नियम वेगळे आहेत आणि पंचांनाही ते कधीकधी आठवत नाहीत. लांब उडी आणि फेकींत प्रत्येकाला तीनच प्रयत्न, सहा नाहीत. धावण्यात एका शर्यतीत पहिली चुकीची सुरुवात माफ, मग ती कोणाचीही असो. त्यानंतर जो चुकेल तो बाद. उंच उडीची दांडी दर वेळी ३ सेंटिमीटरने आणि बांबूउडीची १० सेंटिमीटरने चढते, मध्येच पायरी बदलत नाही. दोन प्रकारांमध्ये शक्य तेवढं करून निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची.

आणि सर्वांत महत्त्वाचं: शून्य मिळणं आणि सोडून देणं या दोन गोष्टी वेगळ्या. तिन्ही प्रयत्न फसले तर त्या प्रकारात शून्य, पण पुढे खेळता येतं. एखाद्या प्रकाराला उभेच राहिला नाहीत तर पुढचं सगळं बंद, अंतिम यादीत नाव नाही. अमेरिकेच्या डॅन ओब्रायनला हे शून्य १९९२ मध्ये भेटलं. ऑलिंपिक निवड चाचणीत तो आघाडीवर होता. बांबूउडीत त्याने सुरुवातच ४.८० मीटरवर केली आणि तिन्ही वेळा दांडी पडली. बार्सिलोना हुकलं, त्याच्यावर केलेल्या जाहिराती बदलाव्या लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या तालांस गावी त्याने विश्वविक्रम केला आणि १९९६ ला अटलांटात सुवर्ण घेतलं. आजचा विश्वविक्रमही त्याच तालांसमधला आहे: फ्रान्सच्या केव्हिन मायरचे २०१८ मधले ९१२६ गुण. त्यात लांब उडीचे १०१० होते आणि १५०० मीटरचे अवघे ७०५. विश्वविक्रमवीरही शेवटी पाय ओढतच धावतो.

वाऱ्याचा नियम आपल्या किनाऱ्यावर मुद्दाम समजून घ्यावा. रत्नागिरी असो की वेंगुर्ला, उन्हं चढली की समुद्रावरून वारा सुटतो. मैदान सड्यावर असेल तर विचारायलाच नको. वारा पाठीमागून आला तर गुण कापले जात नाहीत, वेळ किंवा उडी जशी झाली तशी मोजतात. मात्र विक्रम म्हणून नोंद हवी असेल तर ज्या प्रकारांत वारा मोजतात त्यांची सरासरी सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून १०० मीटर आणि लांब उडी सकाळी उरकून घेणारे आयोजक शहाणे.

भारताचं नाव या खेळात मोठं नसलं तरी अगदी पुसट नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गुरबचन सिंग रंधावा आणि १९७४ च्या तेहरानमध्ये विजय सिंग चौहान यांनी डेकॅथलॉनचं सुवर्ण मिळवलं. २०१८ मध्ये पुन्हा जकार्तातच स्वप्ना बर्मनने ६०२६ गुणांनी हेप्टाथलॉन जिंकली. तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं, साधे बूट बसत नसत, आणि त्या दोन दिवसांत दाढ दुखत होती म्हणून गालावर पट्टी लावून ती खेळली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तेजस्विन शंकरने ७६६६ गुणांनी रौप्य आणलं. तो मुळात उंच उडीवाला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने २.२२ मीटरवर कांस्य घेतलं होतं, आणि तक्त्यात २.२२ ला १०१२ गुण आहेत. एका प्रकारात असं भांडवल असलं की बाकीच्या नऊंत तग धरायची उमेद येते.

ट्रायथलॉनमध्ये हा तक्त्याचा प्रश्नच नाही असं वाटतं, कारण घड्याळ एकच आणि ते थांबत नाही. पोहणं, सायकल, धावणं, मधले कपडे-बूट बदलण्याचे सेकंदही त्यातच. हेल्मेटचा पट्टा लावण्याआधी सायकलला हात लावला तर दंड. हा खेळ अगदी अलीकडचा: १९७४ मध्ये सॅन डिएगोत सुरुवात, १९७८ मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन, म्हणजे फार लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, तिथे पंधरा जण निघाले आणि बारा पोहोचले. ऑलिंपिकमध्ये २००० पासून. आपल्याकडे मिलिंद सोमणने २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली तेव्हा हे नाव घरोघरी गेलं.

पण तक्ता इथेही आहे, फक्त लपलेला. ऑलिंपिक अंतरं बघा: दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं. पुरुषांत अव्वल खेळाडू साधारण अठरा मिनिटांत पाण्याबाहेर येतात, सायकलवर पन्नास मिनिटांच्या पुढे जातात. म्हणजे मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी शर्यतीत पुढे असणाऱ्या पोराने पाण्यात दोन मिनिटांची आघाडी घेतली, तरी घाटात दम न लागणारा सायकलवाला ती सहज खाऊन टाकेल. अंतरं ठरवणाऱ्यानेच दर ठरवून टाकले आहेत.

आधुनिक पेंटॅथलॉन हे आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या कुबेर्तांचं अपत्य, तीही १९१२ चीच: तलवारबाजी, पोहणं, घोडेस्वारी, नेमबाजी, धावणं. तिच्यात आता शेवटी गुणांचं घड्याळात रूपांतर करतात. आघाडीवरचा आधी सुटतो, मागचा जितके गुण मागे तितके सेकंद उशिरा, आणि जो आधी रेषा ओलांडेल तो विजेता. प्रेक्षकाला बेरीज करावी लागत नाही, मला ही युक्ती फार आवडते. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये एक घोडा अडून बसला आणि आघाडीवरच्या जर्मन खेळाडूचं पदक गेलं, त्यानंतर घोडेस्वारी काढायचं ठरलं. ऑलिंपिकमध्ये २०२८ पासून तिच्या जागी अडथळ्यांचा मार्ग असेल.

कोणाला आपल्या गावच्या मैदानावर तीन-चार प्रकारांची अशी स्पर्धा घ्यायची असेल, तर फार सामान लागत नाही. बांबूउडीची गादी नसेल तर तो प्रकार गाळा, भाला टाकायला मोकळी जागा नसेल तर तोही. सूत्र मोबाइलवर मांडून ठेवा. एक खबरदारी मात्र हवी: तक्ता विद्युत घड्याळाच्या वेळेसाठी बनवलेला आहे. हातातल्या स्टॉपवॉचने घेतलेली वेळ नेहमी थोडी कमी येते, म्हणून १०० आणि २०० मीटरच्या वेळेत ०.२४ सेकंद आणि ४०० च्या वेळेत ०.१४ सेकंद मिळवून मगच गुण काढतात. १५०० ला काही मिळवायचं नाही. ती शर्यत शेवटी ठेवा आणि सुरू होण्याआधी फळ्यावर सर्वांचे गुण लिहा. साडेचार मिनिटांच्या आसपास एक सेकंद म्हणजे सहा-सात गुण. चाळीस गुणांनी मागे असलेल्या मुलाला मग नेमकं कळतं की समोरच्याला सहा-सात सेकंदांनी मागे टाकायचं आहे.